शेजार, संघटना आणि सीमा : ‘बॅक ऑफ द यार्ड्‌स’विषयक चार ग्रंथांची चिकित्सा

नगरजीवनाचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडील प्रबंधांतून ‘लोकसहभाग’ हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. एखाद्या वस्तीतील मंडळे, व्यायामशाळा, महिलासंस्था आणि देवळाचे विश्वस्त एकत्र आले व त्यांनी वस्तीचा कायापालट केला, अशा आशयाचे वाक्य प्रबंधाच्या शेवटी निष्कर्ष म्हणून येते. वस्तुतः ते आरंभी प्रश्न म्हणून यावयास हवे. एकत्र आले ते कोण? कायापालट झाला तो कोणासाठी? आणि वस्ती सुधारल्यानंतर तिच्या वेशीवर कोणाला थांबविण्यात आले? हे प्रश्न किती अवघड आहेत याची कल्पना यावी म्हणून प्रस्तुत लेखात शिकागो शहरातील एकाच वस्तीविषयी निरनिराळ्या काळी लिहिल्या गेलेल्या चार ग्रंथांचा एकत्र विचार केला आहे. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी (१९०६), सॉल अलिन्स्कीचे ‘रेव्हेली फॉर रॅडिकल्स’ (१९४६), जेन जेकब्जबाईंचे ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ (१९६१) आणि रॉबर्ट स्लेटनचा ‘बॅक ऑफ द यार्ड्‌स : द मेकिंग ऑफ अ लोकल डेमॉक्रसी’ हा इतिहासग्रंथ (१९८६) हे ते चार ग्रंथ होत. पहिला ललित, दुसरा प्रचारात्मक, तिसरा नगररचनेवरील विवाद्य निबंध आणि चौथा संशोधनपर. चौघांचे प्रयोजन भिन्न असल्यामुळे त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु वस्ती एकच असल्यामुळे एकाने काय पाहिले आणि दुसऱ्याला काय दिसले नाही हे ताडून पाहण्याची सोय येथे आपोआप झाली आहे.

या वस्तीचे नाव ‘बॅक ऑफ द यार्ड्‌स’, म्हणजे गुरांच्या बाजारामागील भाग. १८६५ साली शिकागोच्या दक्षिणेस ‘युनियन स्टॉक यार्ड्‌स’ हा प्रचंड गुरांचा बाजार सुरू झाला. त्याच्या आश्रयाने आर्मर, स्विफ्ट इत्यादी मांस-उद्योगाचे कारखाने उभे राहिले आणि त्यांत राबणाऱ्या लोकांची लाकडी घरे त्यांच्या मागच्या बाजूस दाटीने वसली. प्रथम आयरिश व जर्मन, नंतर चेक, पोल, लिथुआनियन, स्लोव्हाक आणि पुढे मेक्सिकन, अशा लाटांमागून लाटा येथे आल्या. धर्माने बहुतेक सारे कॅथलिक. पण प्रत्येक राष्ट्रगटाचे चर्च निराळे, शाळा निराळी, दफनविधीची मंडळी निराळी. पोलिश चर्चमध्ये लिथुआनियन मनुष्य सहसा प्रार्थनेस जात नसे. वस्तीच्या उत्तर सीमेवरील नदीच्या फाट्यात कारखान्यांची घाण सोडली जाई व ती कुजून पृष्ठभागावर बुडबुडे येत. त्यावरून त्या फाट्याला ‘बबली क्रीक’ हे नाव पडले होते. एवढ्यावरून स्थळाची कल्पना यावी.

सिंक्लेअर १९०४ साली सुमारे सात आठवडे या भागात राहिला आणि त्या अनुभवावर त्याने कादंबरी रचली. तिचा परिणाम सर्वश्रुत आहे. मांसतपासणीचा आणि अन्नशुद्धीचा असे दोन कायदे १९०६ मध्येच अमेरिकन काँग्रेसने संमत केले, आणि लेखकाने स्वतःच पुढे खेदाने म्हटले की आपण लोकांच्या हृदयावर नेम धरला होता, बाण मात्र पोटात शिरला. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कादंबरीतील मांसापेक्षा तिचे पहिले प्रकरण अधिक मोलाचे आहे. कादंबरी उघडते ती एका लग्नसमारंभाने. युर्गिस आणि ओना या लिथुआनियन वधूवरांचे लग्न दारूच्या गुत्त्यामागील दिवाणखान्यात चालू आहे. त्यांच्या चालीप्रमाणे पाहुण्यांनी वधूबरोबर नाचावयाचे आणि नाच संपला की ऐपतीप्रमाणे पैसे द्यावयाचे. आपल्याकडील आहेराचाच हा प्रकार होय, आणि आहेराप्रमाणेच तो एक अलिखित पतव्यवहार आहे. आज तुमच्या घरच्या कार्याला मी हातभार लावतो, उद्या माझ्या घरच्या कार्याला तुम्ही लावाल, हा त्यातील करार. त्या रात्री मात्र काही तरुण पाहुणे खाऊनपिऊन, नाचून, पैसे न देता हळूच निसटतात. गावाकडे जे घडले नसते ते येथे घडते. शेजाराचा पाया खचल्याची ही पहिली खूण सिंक्लेअरने फार नेमकी टिपली आहे, आणि समाजशास्त्राच्या अनेक पृष्ठांचे काम तिने केले आहे.

दुसरी तितकीच मार्मिक जागा सहाव्या प्रकरणातील. युर्गिसच्या कुटुंबाने हप्त्यावर घेतलेले ‘नवे’ घर वस्तुतः जुने असून ते वारंवार विकले गेले आहे. एक हप्ता चुकला की घर कंपनीकडे परत जाते, व रंग देऊन पुन्हा ‘नवे’ होते. ही हकीकत शेजारची एक वृद्ध लिथुआनियन स्त्री सांगते, आणि सांगता सांगता ती कारखान्यात एकामागून एक आलेल्या व एकमेकांना हुसकावणाऱ्या राष्ट्रगटांची वंशावळच वाचून दाखवते. एका घराच्या मालकीहक्काच्या इतिहासातून साऱ्या वस्तीचा इतिहास सांगण्याची ही कल्पना अस्सल कादंबरीकाराची आहे.

परंतु एवढे पाहणाऱ्या सिंक्लेअरला वस्तीतील संस्था दिसल्या नाहीत, हे त्याचे वैगुण्य मान्य केले पाहिजे. त्याच काळात तेथे चर्चशी निगडित परस्पर-साहाय्य मंडळ्या होत्या, कामगार संघटना होती, आणि १८९४ पासून शिकागो विद्यापीठाच्या आश्रयाने चाललेले व मेरी मॅकडॉवेलबाईंनी नावारूपास आणलेले वसतिकेंद्र होते. या बाईंनी वस्तीतील कचऱ्याच्या खाणींविरुद्ध महापालिकेशी वर्षानुवर्षे झुंज दिली. जेम्स बॅरेट या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘वर्क अँड कम्युनिटी इन द जंगल’ या ग्रंथात, सिंक्लेअरच्या पात्रांपेक्षा तेथील खरे कामगार किती अधिक संघटित व जाणते होते हे सप्रमाण दाखविले आहे. सिंक्लेअरला मात्र मुक्ती बाहेरून यावयास हवी होती, आणि ती शेवटच्या प्रकरणांत समाजवादी वक्त्याच्या व्याख्यानाच्या रूपाने येते. तोपर्यंत युर्गिस वस्ती सोडून गेलेला असतो. कादंबरीच्या रचनेतला हा दोष विचारसरणीतूनच आला आहे. ज्या लोकांकडून काही होणे नाही असे लेखकाने आधीच ठरविले, त्यांच्या सभा तो कशासाठी रंगवील? आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो, कारण तिचा संबंध पुढे येणार आहे. १९०४ च्या संपाच्या वर्णनात संप फोडण्यासाठी दक्षिणेतून आणलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे जे चित्र सिंक्लेअरने रेखाटले आहे ते अत्यंत हीन व पूर्वग्रहदूषित आहे. दलितांचा कैवारी म्हणून गाजलेल्या कादंबरीत तळातल्या एका वर्गाला माणुसकीच्या कक्षेबाहेर ठेवले गेले, याची दखल तिच्या चाहत्यांनी पुरेशी घेतली नाही.

तेहतीस वर्षांनी, १४ जुलै १९३९ रोजी, याच वस्तीतील डेव्हिस स्क्वेअर पार्कमध्ये एक सभा भरली व ‘बॅक ऑफ द यार्ड्‌स नेबरहुड कौन्सिल’ या संस्थेचा जन्म झाला. संस्थेचे घटक व्यक्ती नव्हत्या, संस्थाच होत्या. चर्चे, राष्ट्रगटांच्या मंडळ्या, व्यापारी, क्रीडासंघ आणि कामगार संघटना यांचा तो संघ होता. त्याचे दोन सूत्रधार म्हणजे पार्कचा व्यवस्थापक जोसेफ मीगन आणि बालगुन्हेगारीच्या संशोधनासाठी या भागात आलेला तीस वर्षांचा सॉल अलिन्स्की. सभेनंतर दोनच दिवसांनी कामगारांच्या एका विराट मेळाव्यात कॅथलिक बिशप बर्नार्ड शील आणि कामगारनेता जॉन एल. लुइस हे एका व्यासपीठावर आले. ज्या धर्मगुरूंना कामगार संघटना म्हणजे कम्युनिस्टांचे बीळ वाटे आणि ज्या संघटकांना चर्च म्हणजे मालकांचे हत्यार वाटे, त्यांना एकत्र आणणे ही सामान्य गोष्ट नव्हती. शाळेतील मुलांना मध्यान्ही गरम जेवण, अर्भकांसाठी आरोग्यकेंद्र आणि मांस-कारखान्यांत संघटनेला मान्यता ही कौन्सिलच्या पहिल्या काळातील कामे होत. या अनुभवाच्या बळावर १९४० मध्ये अलिन्स्कीने ‘इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन’ स्थापन केले, आणि १९४६ मध्ये ‘रेव्हेली फॉर रॅडिकल्स’ हा ग्रंथ लिहिला.

या ग्रंथाचे वाङ्मयीन स्वरूप तपासण्यासारखे आहे. तो सिद्धांतग्रंथ असल्याचा आव आणतो, पण त्याची खरी शक्ती दृष्टान्तात आहे. संघटकाने एका हट्टी पुढाऱ्याला कसे वळविले, दोन वैरी मंडळांना एका मागणीवर कसे आणले, अशा हकीकती संवादरूपाने येतात. महानुभावांच्या गद्यातील दृष्टान्तांशी परिचय असलेल्या आपल्या वाचकाला हा प्रकार नवा वाटणार नाही. गोष्ट सांगावयाची आणि तिच्यातून आचार शिकवावयाचा, ही ती रीत. दृष्टान्ताला पुरावा लागत नाही, तो पटला म्हणजे झाले. आणि अलिन्स्कीचे दृष्टान्त पटतात. त्यांतून निघणारे मुख्य सूत्र असे की लोक जसे असावेत असे वाटते तसे नव्हे, तर जसे आहेत तसे स्वीकारावेत. त्यांच्या स्वार्थाला आवाहन करावे. त्यांच्या रूढ संस्थांतूनच काम करावे. कार्यक्रम वरून लादू नये, तो त्यांच्यातूनच उगवावा. परोपकारी वसतिकेंद्रांवर त्याने जो उपहासाचा मारा केला आहे तो याच भूमिकेतून. मॅकडॉवेलबाईंच्या परंपरेला तो न्याय देत नाही, हे खरे. पण दयेने वाकलेली मान आणि हक्काने ताठ झालेली मान यांतील फरक त्याने ज्या आवेशाने मांडला तो आजही वाचकाला हलवतो.

प्रश्न असा की ‘जसे आहेत तसे’ लोक स्वीकारावयाचे, म्हणजे त्यांच्या पूर्वग्रहांसकट स्वीकारावयाचे काय? अलिन्स्की स्वतः वंशद्वेषाचा कट्टर शत्रू होता. ग्रंथात त्याविषयी संदिग्धता नाही. सामाईक लढ्यात पडले की पूर्वग्रह आपोआप गळून पडतात, अशी त्याची श्रद्धा होती, आणि पोल व लिथुआनियन यांच्याबाबतीत ती खरी ठरली. कारखान्यातही ती बऱ्याच अंशी खरी ठरली. मांसकामगारांची संघटना ही वर्णभेदाविरुद्ध ठामपणे उभी राहिलेल्या अमेरिकन संघटनांपैकी एक होती; तीत गोरे आणि काळे कामगार एका समितीवर बसत. पण संध्याकाळी भोंगा झाला की गोरा कामगार पश्चिमेकडे आपल्या घरी जाई, आणि काळा कामगार पूर्वेकडे, शहराच्या कृष्णवर्णीय पट्ट्यात. १९१९ च्या जुलै महिन्यात उसळलेल्या वांशिक दंगलीत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे मृत्यू पावले, त्या वेळी या दोन भागांमधील रस्त्यांवरूनच कामावर जाणाऱ्या मजुरांना गाठले गेले होते. कामाची जागा एक आणि शेजार दोन, ही या प्रकरणातील मूळ रचना होय. कौन्सिल शेजाराचे होते. जे कारखान्यात सहकारी होते पण वस्तीत शेजारी नव्हते, त्यांना त्यात स्थान असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. कोणीही वाईट हेतू न बाळगता हे घडले. किंबहुना ‘स्थानिक’ या शब्दाच्या व्याख्येनेच ते घडवून आणले.

जेकब्जबाईंचे विवेचन या टप्प्यावर सुरू होते. त्यांच्या ग्रंथाची कीर्ती मोठी आहे आणि ती सार्थ आहे. जुन्या वस्त्या पाडून मनोरे उभारणाऱ्या नगररचनाकारांची एवढी समर्थ झाडाझडती दुसऱ्या कोणी घेतलेली नाही. पैशाच्या प्रवाहाविषयीच्या प्रकरणात त्यांनी बॅक ऑफ द यार्ड्‌सचे उदाहरण दिले आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. कर्ज देणाऱ्या संस्था शहरातील काही भाग मनाशीच बाद ठरवतात आणि तेथे एक पैसाही देत नाहीत. त्यामुळे घरे दुरुस्त होत नाहीत, सुस्थितीत आलेली तरुण कुटुंबे बाहेर पडतात, आणि वस्ती खरोखरच बाद होते. १९५० नंतरच्या दशकात हीच आपत्ती या वस्तीवर आली तेव्हा कौन्सिलने पतपेढ्यांच्या व बँकांच्या प्रतिनिधींना सभेला बोलावले. धमकीची भाषा नव्हती. वस्तीतील कुटुंबांच्या, चर्चांच्या आणि दुकानांच्या ठेवी तुमच्याकडे किती आहेत आणि त्यांपैकी वस्तीला कर्जरूपाने किती परत येते, एवढीच विचारणा होती. विचारणेमागील इशारा पाहुण्यांना कळला. कर्जे सुरू झाली, आणि जेकब्जबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तीन वर्षांत सुमारे ५००० घरे मालकांनी दुरुस्त करून घेतली.

हा प्रसंग त्यांनी ज्या शैलीत सांगितला आहे तिच्यात एक खट्याळ आनंद आहे, आणि तो संसर्गजन्य आहे. सिंक्लेअरने ज्या लोकांना केवळ भक्ष्य म्हणून रंगविले, त्यांच्या मुलांनी बँकांच्या अधिकाऱ्यांना घाम फोडला; यात काव्यगत न्याय आहे खराच. पुढाऱ्यांची चतुराई, ठेवींचा हिशेब मांडण्याची चिकाटी आणि संघटनेची व्याप्ती या तिन्ही गोष्टींना त्यांनी योग्य ते श्रेय दिले आहे. बाहेर नोकरी शोधताना आपला पत्ता लपवावा लागणाऱ्या लोकांना आपली वस्ती सुधारणेयोग्य वाटू लागली, हा बदलही त्यांनी नेमका टिपला आहे.

मात्र वंशाचा प्रश्न या उदाहरणाच्या कडेलाच राहिला आहे, आणि येथे त्यांच्या पद्धतीची मर्यादा उघड होते. कर्जदारांची ती बादयादी कशावर आधारलेली होती? १९३० नंतरच्या दशकात संघराज्य सरकारच्या गृहकर्जविषयक यंत्रणांनी शहरांचे भाग पाडून त्यांना पतीच्या श्रेणी लावल्या. त्या श्रेणीत घराच्या वयाबरोबर रहिवाशांचा वंशही जमेस धरला जाई. कृष्णवर्णीय कुटुंबे राहावयास आली की घरांच्या किमती उतरतात, हे तत्त्व सरकारी नियमपुस्तिकेत स्थिर झाले होते. वंशावर आधारलेले घरविक्रीचे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, तरी पतपुरवठ्याचा व्यवहार त्याच समजुतीवर चालू राहिला. म्हणजे कौन्सिलने जी बादयादी मोडली ती स्वतःपुरती मोडली. यादीतून आपले नाव खोडून घेतले. यादी ज्या तत्त्वावर रचली होती त्याला हात लावला नाही. इतकेच नव्हे, तर कर्ज मिळाले, घर दुरुस्त झाले, त्याची किंमत वाढली, आणि आता ती किंमत सांभाळण्याची चिंता लागली. काळा शेजारी आला तर ती किंमत उतरेल ही भीती निव्वळ अंधश्रद्धा नव्हती. ज्या बँकेने कर्ज दिले तिचीच ती समजूत होती, आणि बँकेची समजूत बाजारात खरी ठरते. १९३९ साली ज्या वस्तीचे हितसंबंध प्रामुख्याने मजुराचे होते, ते वीस वर्षांनी घरमालकाचे झाले. अलिन्स्कीचे सूत्र जसेच्या तसे राहिले, म्हणजे स्वार्थाला आवाहन, रूढ संस्थांमधून काम आणि लोकांतून उगवलेला कार्यक्रम; फक्त कार्यक्रम म्हणून उगवले ते कुंपण.

अलिन्स्कीने हे पाहिले. मृत्यूच्या वर्षी, १९७२ मध्ये, दिलेल्या एका दीर्घ मुलाखतीत त्याने स्पष्टपणे सांगितले की आपण उभारलेली ही संघटना वंशभेदाच्या बाजूची बनली आहे आणि तिथे पुन्हा जाऊन तिच्याच विरुद्ध नवी संघटना बांधावी असा विचार आपल्या मनात येऊन जातो. ‘नाहीरे’ जेव्हा ‘आहेरे’ होतात तेव्हा ते ‘आहेरें’सारखेच वागू लागतात, असे त्याचे स्पष्टीकरण. हे स्पष्टीकरण पुष्कळांनी प्रमाण मानले आहे. मला ते अपुरे वाटते. त्यात अधःपाताची कथा आहे. आधी शुद्ध असलेली संस्था समृद्धीने भ्रष्ट झाली, असे ती सांगते. परंतु वर पाहिल्याप्रमाणे सीमा पहिल्या सभेतच होती. यश आणि बहिष्कार ही एकाच मुळाची दोन फळे होती. ज्या घट्ट ओळखीच्या जोरावर ठेवींचा दबाव आणता आला, त्याच घट्ट ओळखीने बाहेरच्याला बाहेर ठेवले. कोणत्याही वस्तीविषयी केवळ पहिल्या फळाची नोंद करणारा अभ्यास अर्धवट मानला पाहिजे, तसेच दुसरे फळ दाखवून पहिले नाकारणाराही. शाळेत मिळालेले गरम जेवण खरे होते, आणि मेक्सिकन कुटुंबांना, कूर्मगतीने का होईना, कौन्सिलच्या कक्षेत जागा मिळाली हेही खरे.

स्लेटनचा ग्रंथ या दृष्टीने सर्वांत समतोल आहे. राष्ट्रगटांचे विभक्त जग, प्रत्येकाचे चर्च, गुत्ता, कुटुंब आणि मोहल्ल्याचे राजकारण यांचे त्याने केलेले वर्णन अत्यंत बारकाईचे असून, कौन्सिल हे आकाशातून पडले नाही, या विभक्त संस्थांच्याच दीर्घ अनुभवातून ते घडले, हे त्याचे प्रतिपादन निर्विवाद म्हणता येईल. सिंक्लेअरला न दिसलेल्या संस्था त्याने दाखविल्या आणि अलिन्स्कीच्या दृष्टान्तांना त्याने माणसे व तारखा दिल्या. तथापि त्याच्या उपशीर्षकातील ‘लोकल डेमॉक्रसी’ हा शब्दप्रयोग मला अडखळवतो. ‘घडण’ हा विषय घेतला की पुस्तकाचा कळस घडण पूर्ण होण्याच्या क्षणी येतो. त्यानंतरचे सारे उपसंहारात जाते. इतिहासकाराने निवडलेला शेवटचा क्षण हा देखील एक निर्णय असतो. १९३९-४० वर पडदा पाडला की सुखात्मिका होते, १९६० वर पाडला की शोकात्मिका. टॉमस जाब्लॉन्स्कीच्या ‘प्राइड इन द जंगल’ (१९९३) या ग्रंथातील ‘प्राइड’ या शब्दाविषयीही असेच म्हणता येईल. वस्तीचा अभिमान हा त्याचा विषय, पण अभिमानाला नेहमी एक बाहेरची बाजू असते.

‘लोकल डेमॉक्रसी’ला मराठीत ‘स्थानिक लोकशाही’ म्हणावे तर आपल्याला डॉ. आंबेडकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना ग्रामपंचायतींच्या कैवाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. ग्राम म्हणजे संकुचित स्थानिकतेचे डबके, आणि राज्यघटनेचा घटक ग्राम नसून व्यक्ती आहे, हा त्याचा आशय. त्या उत्तराकडे आपण नेहमी ग्रामजीवनावरील टीका म्हणून पाहतो. शिकागोच्या या वस्तीच्या प्रकाशात ते वाचले तर ते स्थानिकतेच्या तत्त्वावरचेच भाष्य आहे असे ध्यानात येते, आणि नगरातील आळीलाही ते तितकेच लागू पडते. येथे एक योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. जॉन ड्यूई १८९४ ते १९०४ या काळात शिकागो विद्यापीठात होता, आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर त्याचे विद्यार्थी झाले. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, ही ड्यूईची कल्पना. अमेरिकेतील शेजार-चळवळीने तिच्यातून ‘एकत्र’ घेतले. आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलना’च्या १९३६ मधील भाषणात गटागटांमधील भिंती झिरपत्या असाव्यात हा तिचा दुसरा अर्धा भाग उचलला, आणि त्यासाठी वनस्पतिशास्त्रातील अभिसरणाची उपमा वापरली. भिंतीतून रस झिरपत नसेल तर आतले पोषण कितीही चांगले असो, ती लोकशाही नव्हे.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. गिरणगावाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही तुलना करून पाहावी. शिकागोत कारखाना मिश्र आणि वस्ती बंद. मुंबईत भेद गिरणीच्या आतच होता. धोट्याचा तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे या कारणाने अस्पृश्य कामगारांना विणखात्यात प्रवेश नसे, आणि १९२८-२९ च्या संपांच्या वेळी आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. चाळींतून गावकीच्या खोल्या, भजनी मंडळे, व्यायामशाळा, उत्सव मंडळे यांचे दाट जाळे होते. त्या जाळ्याने संपकाळात कुटुंबे तगवली, उधारी चालू ठेवली, गावाहून धान्य आणविले. याच जाळ्याच्या गाठी जातीच्या आणि गावाच्या होत्या, आणि १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली तेव्हा एकाच आवारातील इमारती परस्परांसमोर उभ्या ठाकल्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत तर प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निर्णय दिला की सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी अवैध ठरत नाही. ‘सहकार’ हा शब्द आपल्याकडे ज्या आदराने उच्चारला जातो तो पाहता या निकालाची चर्चा आपल्या सामाजिक शास्त्रांच्या विभागांतून व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही.

परिभाषेसंबंधी एक सूचना येथे करावीशी वाटते. ‘नेबरहुड’साठी आपण ‘वस्ती’, ‘परिसर’, ‘मोहल्ला’, ‘आळी’, ‘पेठ’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, आणि ‘कम्युनिटी’साठी सरसकट ‘समुदाय’. पैकी ‘वस्ती’ राहण्याची जागा सांगते. ‘आळी’ त्या जागेबरोबर बहुधा धंदा आणि जातही सांगून जाते. तांबट आळी, कासार आळी ही नावेच पाहावीत. ‘शेजार’ मात्र जागा सांगत नाही, संबंध सांगतो. शेजार लाभतो, तुटतो, जडतो. कौन्सिलच्या इतिहासाला यांपैकी कोणता शब्द केव्हा लावावयाचा हे ठरविताना विवेचन आपोआप काटेकोर होत जाते. १९३९ पर्यंत बॅक ऑफ द यार्ड्‌स ही अनेक आळ्यांची वस्ती होती. कौन्सिलने आळ्यांचा शेजार केला. आणि पुढे त्या शेजाराची एकच मोठी आळी झाली. इंग्रजीत हे तिन्ही टप्पे एकाच ‘नेबरहुड’ शब्दाखाली झाकले जातात, आणि उपरोक्त चारही ग्रंथांतील पुष्कळसा गोंधळ त्या झाकणाखालचा आहे.

वस्तीची पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. मोठे कारखाने १९५० नंतरच्या दशकात एकेक करून बंद पडू लागले, व १९७१ मध्ये गुरांचा बाजारही उठला. जुनी कुटुंबे उपनगरांकडे गेली आणि मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची संख्या वाढत जाऊन ती बहुसंख्य झाली. पुढे कृष्णवर्णीय कुटुंबेही आली. सिंक्लेअरच्या वृद्ध शेजारणीने सुरू केलेली यादी अशा रीतीने लांबत गेली. ज्यांना रोखण्यासाठी कुंपण घातले तेही आले आणि ज्यांच्यासाठी घातले ते निघून गेले. उद्योगच नाहीसा झाल्यावर घराची किंमत सांभाळणे कोणत्याही शेजाराच्या हाती उरत नाही, हा भाग जेकब्जबाईंच्या उपपत्तीत बसत नाही, कारण त्यांचे लक्ष पतपुरवठ्यावर होते, रोजगारावर नव्हते.

अलिन्स्कीविषयी मात्र एवढे सांगितल्यावाचून त्याच्यावर अन्याय होईल की त्याने आपल्या पहिल्या प्रयोगाचे उत्तर दुसऱ्या वस्तीत देण्याचा प्रयत्न केला. १९६० नंतर लगेच त्याच्या संस्थेने शिकागोच्याच वुडलॉन या कृष्णवर्णीय वस्तीत संघटना उभारण्यास साहाय्य केले, आणि तिचा पहिला मोठा झगडा झाला तो लगतच्या शिकागो विद्यापीठाच्या विस्तार-योजनेशी. ‘रेव्हेली फॉर रॅडिकल्स’ ज्या मुद्रणालयाने १९४६ साली प्रसिद्ध केले होते ते त्याच विद्यापीठाचे. वस्तीतील संघटनांचा अभ्यास करणारे विद्यापीठ स्वतः जेव्हा शेजारी म्हणून उभे राहते तेव्हा काय होते, हा त्या झगड्याचा विषय असून त्याचे विवेचन स्वतंत्र लेखात करावे लागेल.